यंदा गणपती कधी?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवी दिनदर्शिका घरी येते. रबर काढला तरी गुंडाळी सरळ व्हायला तयार नसते, म्हणून टोकावर पोळ्यांचा डबा ठेवावा लागतो. आणि मग जवळजवळ प्रत्येक मराठी घरात तोच प्रश्न येतो : यंदा गणपती कधी? पाठोपाठ दिवाळी, मग पाडवा, मग कोणती सुट्टी रविवारी येऊन फुकट गेली त्याची हळहळ. या पाच मिनिटांत कुणी वजन कमी करण्याबद्दल बोलत नाही, पहाटे पाचला उठण्याबद्दलही नाही. ते सगळं ३१ तारखेच्या रात्री सुरू होतं, आणि पुरवण्यांना नववर्ष म्हणून तेवढंच दिसतं.

माझं म्हणणं असं की नव्या वर्षाची खरी आशा त्या पानं उलटण्यात आहे. संकल्प सांगतो, मी काय करीन. दिनदर्शिका सांगते, काय येणार आहे. या दोन्हींना आपण सरसकट ‘आशा’ म्हणतो, आणि अलीकडे पहिलीने दुसरीला जवळजवळ गिळून टाकलं आहे. ज्याच्याकडे वर्षभर करायची कामं आहेत पण वाट पाहावी असं काही नाही, त्याचं वर्ष कितीही भरगच्च असो, ते गेल्या वर्षाचं उरलेलं काम असतं. त्याला नवं म्हणायचं कारण नाही.

वाट पाहता यायला तीन गोष्टी लागतात. येणारी गोष्ट सगळीच्या सगळी आपल्या हातची नसावी. ती एकट्याची नसावी. आणि मधला काळ आपला असावा, आधीच कुणाला विकलेला नसावा. पहिल्या दोन अटी वाचकाला सहज पटतील असा माझा अंदाज आहे. तिसरी अवघड आहे, आणि तिच्यापाशी पोचल्यावर या लेखाचाच काही भाग मला मागे घ्यावा लागेल.

तीन सोपी उत्तरं

नववर्षाबद्दल आपल्याकडे तीन मतं तयार मिळतात. पहिलं संकल्पवाल्यांचं; त्याचा समाचार पुढे घेतो.

दुसरं चेष्टेखोर विवेकी माणसाचं : तारीख बदलली म्हणून काय बदलतं? पृथ्वीच्या कक्षेत कुठेही ‘इथून आरंभ’ अशी पाटी नाही. बरोबर आहे. १ जानेवारीचं मूळ रोमच्या कारभारात आहे, इ.स.पू. १५३ पासून तिथले कॉन्सल त्या दिवशी पदभार घेऊ लागले. इंग्लंडात तर १७५१ पर्यंत कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलत असे. पण तारीख मनमानी आहे एवढ्यावरून ती निरर्थक ठरत नाही. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते यालाही खगोलशास्त्राचा आधार नाही. वेळ ठरलेली आहे, एवढ्याच आधारावर माणसं धापा टाकत फलाटावर पोचतात. २०१४ मध्ये हेंगचेन डाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी दाखवून दिलं की आठवडा, महिना, वर्ष यांच्या आरंभी व्यायामशाळेत जाणाऱ्यांची आणि इंटरनेटवर ‘डाएट’ शोधणाऱ्यांची संख्या वाढते. माणसाला काळात पायऱ्या लागतात. सपाट काळात त्याचा पाय कुठे पडतो ते त्याला कळत नाही.

तिसरं मत अभिमानाचं : आपलं नववर्ष पाडव्याला, हे इंग्रजांचं. या मताची अडचण अशी की महाराष्ट्राला एकच नववर्ष कधी नव्हतंच. शालिवाहन शक चैत्रात बदलतो. व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला पुजली जाते. हिशेबनिसाचं वर्ष १ एप्रिलला उघडतं, मुलांचं जूनमध्ये, आणि शेतकऱ्याचं मृगाला. एका माणसाच्या आयुष्यात चार-पाच वर्षं एकमेकांवर सरकलेली असतात, आणि तो त्या सगळ्यांत बिनतक्रार राहतो. राहिली १ जानेवारी. १ जानेवारी १८१८ ला भीमा नदीकाठी कोरेगावला लढाई झाली आणि १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या विजयस्तंभापाशी गेले. आज लाखो माणसं त्या दिवशी तिथे जातात. पहाटेच्या थंडीत लेकरू खांद्यावर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘ही आपली तारीख नव्हे’ असं सांगून पाहावं. तारीख कुणी सुरू केली याला फार महत्त्व नाही. तिची वाट कोण पाहतं, यावर ती कुणाची ते ठरतं.

याचा उलटा पुरावाही आपल्याच घरात आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने भारतासाठी एक अत्यंत शास्त्रशुद्ध सौर कालगणना सुचवली. २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून ती राष्ट्रीय कालगणना म्हणून लागू आहे. राजपत्रावर ती छापली जाते, आकाशवाणीवर सांगितली जाते. तिच्यात गोंधळ नाही, वाद नाही, अधिक महिना नाही. आणि आज तिच्यातली तारीख कोणती, हे हा लेख वाचणाऱ्यांपैकी क्वचितच कुणाला सांगता येईल. तिच्यात चूक काहीच नव्हती. तिच्यावर वाट पाहण्यासारखं काही टांगलेलं नव्हतं, एवढंच.

संकल्पाच्या हातातलं पाणी

‘संकल्प’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो त्याचा अगदी अलीकडचा अवतार आहे. पूजेला बसलेल्या माणसाचा संकल्प आठवा. भटजी आधी काळाचा पत्ता सांगतात : ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा कितवा भाग, कोणतं कल्प, कोणतं मन्वंतर, कलियुगाचा कितवा चरण. मग जागेचा पत्ता, जंबुद्वीपापासून गोदावरीच्या तीरापर्यंत. मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. एवढी सगळी उतरंड उतरून आल्यावर कुठे यजमानाचं गोत्र आणि नाव येतं, आणि त्यानंतर तो काय करणार ते. शेवटी तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडायचं.

श्रद्धा बाजूला ठेवा. मीही ती फारशी बाळगून नाही. पण या रचनेत एक समजूत आहे. माणसाने काही ठरवण्याआधी तो कुठे आणि केव्हा उभा आहे हे मोजून घ्यावं, आणि ठरवून झाल्यावर हात मोकळा करावा. मराठीत ‘पाणी सोडणे’ याचा अर्थ हक्क सोडणे असा झाला, तो दानाच्या पाण्यामुळे. संकल्पातही तेच पाणी आहे. आजचा संकल्प नेमका उलट चालतो. त्यात काळ नाही, जागा नाही, सुरुवातच ‘मी’पासून होते आणि मूठ वर्षभर आवळलेली राहते.

इथे न्याय म्हणून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. संकल्प मोडायलाच असतात हा विनोद संशोधनाने पूर्णपणे खरा ठरवलेला नाही. जॉन नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नववर्षाला संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही यशस्वी होते. बदलाची इच्छा होती पण संकल्प केला नव्हता, अशांत हेच प्रमाण ४ टक्के निघालं. तेव्हा संकल्प फसतो ही माझी तक्रारच नाही. तो फसल्यावर उरतो अपराधीपणा आणि साधल्यावर उरतो पुढचा संकल्प, ही तक्रार आहे. दहा किलो उतरवलेला माणूस जानेवारीत पुन्हा काट्यावर उभा राहतो तो आता हे टिकवायचं म्हणून. त्याच्या वर्षात कुठेच काही येऊन पोचत नाही.

आपल्याकडे यापेक्षा शहाणी एक रीत होती, आणि अजून आहे : चातुर्मासाचा नेम. कुणी एकभुक्त राहतं, कुणी जेवताना मौन धरतं, अनेक घरांत कांदा-लसूण-वांगी बंद होतात. नेम लहान असतो. शेजारणीला माहीत असतो. आणि मुख्य म्हणजे त्याला शेवट असतो, उद्यापन असतं. वांगं सोडलेला माणूस चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याकडे डोळे लावून असतो. आषाढात सोडतानाच त्याला मार्गशीर्षातला घास दिसत असतो. नेमाच्या पोटात वाट पाहणं आहे. व्यायामशाळेच्या वार्षिक वर्गणीच्या पोटात भरीत नाही.

पहिली अट : हातचं नसणं

मराठीत ‘वाट पाहणे’ म्हणताना डोळा रस्त्यावर असतो. वाट म्हणजे रस्ता. कुणीतरी, काहीतरी त्यावरून यायचं आहे. ‘अपेक्षा’ मनात असते, ‘इच्छा’ मनात असते, ‘ध्येय’ भिंतीवर लावलेलं असतं. वाट मात्र घराबाहेरून येते. म्हणून वाट पाहिलेली गोष्ट चुकली तर जे होतं त्यालाही वेगळा शब्द आहे, हिरमोड. अपेक्षाभंगात दुसऱ्यावर आरोप असतो, संकल्पभंगात स्वतःवर. हिरमोडात आरोपच नसतो. पावसाने सहल बुडालेल्या मुलाचा चेहरा आठवला की फरक कळतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना एक मजेदार प्रश्न विचारला होता. तुमच्या आवडत्या नटाचं किंवा नटीचं चुंबन मिळणार असेल तर ते आत्ता मिळण्यासाठी किती पैसे द्याल, तीन तासांनी, एका दिवसाने, तीन दिवसांनी, एका वर्षाने, दहा वर्षांनी? पाठ्यपुस्तकाप्रमाणे ‘आत्ता’ला सर्वाधिक किंमत यायला हवी. ती आली तीन दिवसांनंतरच्या चुंबनाला. मधल्या तीन दिवसांचीही किंमत लोक मोजत होते. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या १५३० माणसांच्या अभ्यासात दिसलं की सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी होते ते निघण्यापूर्वी. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नव्हता.

हे वाचून कुणी म्हणेल, मग स्वतःच स्वतःसाठी तारखा ठरवाव्यात, दर दोन महिन्यांनी एक सहल. ठरवाव्यात. पण माझ्या मते त्यात निम्माच रस आहे, कारण स्वतः ठरवलेली तारीख स्वतःच पुढे ढकलता येते. आंबा ढकलता येत नाही. हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात आली की ती बातमी होते, आणि ती पेटी घेण्याची ज्यांची ऐपत नाही असे आपण सगळे ती बातमी वाचून खूश होतो. आपल्याला परवडणारा आंबा अजून अडीच-तीन महिन्यांवर असतो, पण तो निघाला आहे हे कळलेलं असतं. बाजाराने या खुशीची फार नासाडी केली. चकली वर्षभर पाकिटात मिळते. पुरणपोळी दहा मिनिटांत दारात येते. सोय झाली, त्याबद्दल तक्रार करणारा मी करंटा ठरेन. पण दिवाळीच्या चकलीला जी चव होती तिच्यात भाजणीइतकाच अकरा महिन्यांचा वाटा होता, हे सोयीच्या हिशेबात कुणी धरलं नाही.

आणि आपली पंचांगं या बाबतीत अतिशय खट्याळ आहेत. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडं. सण दरवर्षी मागे सरकत जातात आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना जास्तीचा येऊन त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्यामुळे २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेले गणपती २०२६ मध्ये थेट १४ सप्टेंबरला. ‘यंदा गणपती कधी?’ हा प्रश्न दरवर्षी विचारावा लागतो याचं कारण हे. उत्तर नक्की असतं, पण पाठ नसतं. नाताळ कधी, असं कुणी विचारत नाही. शिवाय धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला जेवण, तेहतीस अनारशांचं वाण. पोरीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक मास कोणत्या साली पडतो हे सासूबाईंनी लग्नाच्या मांडवातच मोजलेलं असतं.

दुसरी अट : एकट्याची नसणं

वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, हा समज ज्यांनी गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी पाहिला नाही त्यांचा असावा. १४ सप्टेंबर ही तारीख दिसली की तो उलटं मोजायला लागतो. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी. म्हणजे यंदा जुलैच्या मध्यात पहाटेपासून मोबाइल हातात. त्याआधी साहेबांच्या कानावर रजेचं घालायचं. गावच्या घराची कौलं शाकारून घ्यायची. भावकीत यंदा खर्चाचा वाटा कसा, ते ठरवायचं. एवढं करून तिकीट हाती येतं ते बहुधा वेटिंगचंच. या इंग्रजी शब्दाने रेल्वेच्या यादीत नकळत फार नेमकी जागा घेतली आहे.

त्याच वेळी पेणला एक दुसरं घड्याळ चालू असतं. विसर्जन झालं की तिथल्या कारखान्यांत पुढच्या वर्षाच्या मूर्तींची तयारी सुरू होते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर महिनोन्महिने आधी बोटीने निघतात. म्हणजे एकाची वाट पाहणं हे दुसऱ्याचं बारमाही काम. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या वारकऱ्याचंही असंच. अडीचशे किलोमीटरची वाट तो पायांनी चालतो, पण वाटेवरच्या गावांनी त्याच्या भाकरीची सोय आधीपासून मांडून ठेवलेली असते. जी गावं पंढरपूरला जात नाहीत तीही वारीची वाट पाहतात, कारण वारी त्यांच्या दारावरून जाते.

इथे संकल्पाची दुसरी उणीव दिसते. माझा संकल्प मोडला तर जगात कुणाचंच काही बिघडत नाही. गणपतीला गावी गेलो नाही तर ओसरीवर माणूस कमी दिसतो, आरतीत टाळांचा एक आवाज कमी होतो, आणि काकू वर्षभर टोमणा मारते. टोमणा हा वाट पाहणाऱ्यांमधला करारनामा आहे. मुंबईत एकट्या राहणाऱ्या माझ्या पिढीतल्या अनेकांच्या डायऱ्यांत उद्दिष्टं भरपूर असतात आणि टोमणा मारणारं कुणी नसतं.

हे सगळं सणांपुरतं, आणि तेही हिंदू सणांपुरतं आहे का? मुळीच नाही. वसईच्या आणि गोव्याच्या घरांत नाताळची कुसवार, म्हणजे फराळ, महिनाभर आधी हाताखाली येते. रमजान ईद चंद्रावर ठरते, आणि तिच्यात तर आदल्या संध्याकाळपर्यंत नक्की काही नसतं. अधिक मास नसल्याने ती सगळे ऋतू फिरून येते. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी वस्तीवस्तीत वर्गणी कधीपासून गोळा होत असते. ज्याला कोणताच सण नको त्याच्याकडे मित्रांचं वार्षिक भ्रमण असेल, गावच्या नाट्यस्पर्धा असतील, सवाई गंधर्व महोत्सवाचा डिसेंबर असेल. अट एवढीच : आपण नसलो तरी ते होणार, आणि आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येणार.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप गीतेच्या बाजूने येतो : फळाची आशा धरू नये. शाळेत पाठ केलेल्या सुभाषितांतही आशेला साखळीच म्हटलं आहे. पण गीतेचा निषेध आहे तो स्वतःच्या कर्माच्या फळावर हक्क सांगण्याचा, म्हणजे नेमका आजच्या संकल्पाचा. मी आंब्याची वाट पाहतो तेव्हा फळाची आशा आहे खरी, पण ते माझ्या कर्माचं फळ नाही. मी ते झाड लावलंसुद्धा नाही.

दुसरा आक्षेप याहून फार गंभीर आहे. व्हिक्टर फ्रँकल यांनी नाझी छळछावणीतला अनुभव लिहून ठेवला आहे. १९४४ चा नाताळ आणि १९४५ चं नववर्ष यांच्या मधल्या आठवड्यात छावणीतले मृत्यू एकदम वाढले. ना काम वाढलं होतं, ना अन्न कमी झालं होतं, ना नवी साथ आली होती. नाताळपर्यंत आपण घरी असू अशी अनेकांची भोळी आशा होती. तारीख आली आणि गेली. व्हिएतनाममध्ये १९६५ ते १९७३ कैदेत काढलेल्या जेम्स स्टॉकडेल या अमेरिकन अधिकाऱ्याचंही निरीक्षण असंच होतं : सणांच्या मुदती घालणारे आशावादी आधी खचले. मग तारखेची वाट पाहणं माणसाला मारतं असंच म्हणायचं का?

मला यात दोन गोष्टी मिसळलेल्या दिसतात. छावणीतले लोक नाताळची वाट पाहत नव्हते, नाताळ आलाच. ते सुटकेची वाट पाहत होते आणि सुटकेला कुणीच दिली नव्हती ती तारीख त्यांनी नाताळकडून उसनी घेतली होती. याला वाट पाहणं म्हणू नये, मुदत घालणं म्हणावं. ज्याच्या येण्याचा कुणी शब्द दिलेला नाही त्याला मुदत घालणं ही आशेची सर्वांत धोकादायक जात आहे, आणि नववर्षाच्या शुभेच्छांमध्ये नेमकी हीच जात भरलेली असते : यंदा लग्न जमेल, यंदा नोकरी लागेल, यंदा दुखणं जाईल. आजारी माणसाला ‘या वर्षी तू खडखडीत बरा होणार’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘रविवारी येतो, बुद्धिबळ मांडून ठेव’ म्हणणारा माणूस जास्त काही देऊन जातो. रविवार येणार आहे.

तिसरा आक्षेप पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमधून ऐकू येतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींचं आयुष्यच वाट पाहण्यात जातं : जाहिरातीची वाट, परीक्षेची वाट, निकालाची, नियुक्तीची. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची आधीच अनेकदा पुढे गेलेली पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुन्हा लांबवली गेली, तेव्हा हीच मुलं रस्त्यावर उतरली होती. शेवटी ती परीक्षा ठरल्या तारखेनंतर आठवड्यानेच झाली, पण त्या दिवशीचा राग सात दिवसांचा नव्हता. पुण्यातली खोली, खानावळीचे पैसे, गावाकडे ‘परीक्षा झाली की येतो’ म्हणून दिलेला शब्द, हे सगळं त्या एका तारखेवर उभं होतं. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. वाट पाहणाऱ्याइतकीच तारीख देणाऱ्याचीही जबाबदारी असते. चंद्र ती पाळतो, झाडं बहुतेक पाळतात (अवकाळी पावसाने आता त्यांचाही भरवसा कमी केला आहे). सरकारी वेळापत्रक पाळलं न जाणं ही केवळ गैरसोय नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याची तारीख आहे त्याने ती मोडली की तो दुसऱ्याचं वर्ष वापरून टाकतो.

तिसरी अट : काळ विकलेला नसणं

आतापर्यंत मी असं लिहिलं, जणू वर्ष प्रत्येकाच्या हाती कोरंच येतं. तसं ते येत नाही. घराचा, गाडीचा, मुलाच्या शिक्षणाचा हप्ता भरणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या वर्षाचे बारा तुकडे आधीच नावावर लागलेले असतात. पण तो निदान रजा टाकू शकतो.

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊस तोडायला जाणाऱ्या माणसांचं वर्ष पाहा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती बहुधा पावसाळ्यातच खर्च झालेली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, गाळप सुरू होतं, आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे झोपडीत. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि त्याची रक्कम उचलीत मिळवली जाते. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. १ जानेवारी त्यांच्या हंगामाच्या ऐन मध्यावर येते. बाकीचा महाराष्ट्र येणाऱ्या वर्षाबद्दल बोलत असतो तेव्हा हे लोक गेल्या पावसाळ्यात खाल्लेलं वर्ष फेडत असतात. खाड्याची भीती कुठवर पोचते? २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळे खाडा पडू नये हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आलं.

उचल ही आशेची उलटी बाजू आहे. वाट पाहणारा माणूस उद्याच्या जोरावर आज काढतो. उचल घेतलेल्याने आज काढण्यासाठी उद्या देऊन टाकलेला असतो. म्हणून वाट पाहण्याचं जे कौतुक मी वर केलं ते, मान्य करतो, मोकळा उद्या असणाऱ्यांचं आहे. संकल्पाचा उपदेश तरी या माणसांना निरुपयोगी म्हणून सोडून देता येतो. वाट पाहण्याचं तसं नाही. वाट तर ते आपल्यापेक्षा जास्त आतून पाहतात. गावी म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली लेकरं, यात्रा, दारातली गुढी, सगळं तिकडे असतं. फक्त तिकडे परतायची तारीख त्यांना मोजता येत नाही. पाडवा २०२६ मध्ये १९ मार्चला आहे, हे आपल्याला डिसेंबरातच कळलं. कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे हंगाम कधी संपणार, ते फडात किती ऊस उभा आहे, यंत्र किती चालतं, शेजारचा कारखाना कधी बंद होतो यावर ठरतं, आणि कळतं ते दोन-चार दिवस आधी. कोपीला कुणी दिनदर्शिका टांगलीच, तर तिच्यावर गणपती असतात, दिवाळी असते, अधिक ज्येष्ठही असतो. पट्ट्याची तारीख नसते.